पर्वतीय गोरिला पाहायला जाताना

पर्वतीय गोरिला पाहायला जायचे ठरले की आपल्याकडे बहुतेक जण सवयीने आधी विमानाचे तिकीट पाहतात, मग हॉटेल, आणि परमिटचा विचार सर्वांत शेवटी करतात. हा क्रम नेमका उलटा असायला हवा. माणसांची सवय झालेल्या एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त ८ पर्यटकांचा एक गट, तोही केवळ एक तास भेटू शकतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांतील परमिटे कित्येक महिने आधीच संपलेली असतात. हल्ली लग्नाची तारीख मुहूर्तावरून नव्हे, तर कार्यालय कधी मोकळे आहे त्यावरून ठरते. इथेही तसेच आहे. परमिट ज्या दिवसाचे मिळेल तो दिवस मधोमध धरावा आणि विमान, गाडी, मुक्काम हे सारे त्याच्या पुढे-मागे बेतावे.

हे प्राणी पाहायला इतका खटाटोप का, असे घरचे विचारतातच. पर्वतीय गोरिला जगातल्या कोणत्याही प्राणिसंग्रहालयात नाही. तो दोनच ठिकाणी उरला आहे: रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमा जिथे मिळतात त्या विरुंगा ज्वालामुखींच्या रांगेत, आणि तिथून जवळच असलेल्या युगांडातील ब्विंडीच्या जंगलात, ज्याचा एक लहान तुकडा काँगोतील सारंब्वे राखीव क्षेत्रात पसरला आहे. विरुंगात २०१५-१६ मध्ये आणि ब्विंडीत २०१८ मध्ये झालेल्या गणनांची बेरीज १,०६३ भरते. १९८०च्या दशकात विरुंगात अडीचशेच्या आसपासच गोरिला उरले होते. संख्या वाढल्यामुळे नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून त्यांना ‘संकटग्रस्त’ वर्गात आणण्यात आले, आणि या वाढीला लागणारा पैसा मोठ्या प्रमाणात परमिटांतूनच उभा राहतो.

देश कोणता निवडावा

काँगोचा विचार सध्या मनातून काढून टाकावा. तेथील परमिट सर्वांत स्वस्त होते, पण उत्तर किवू प्रांतातील युद्धामुळे तिथे पर्यटकाने जाण्यात शहाणपणा नाही. उरतात रवांडा आणि युगांडा.

रवांडातील व्होल्कॅनोज नॅशनल पार्कचे परमिट मे २०१७ पासून १,५०० डॉलरला आहे. युगांडातील परमिट जुलै २०२४ पासून परदेशी पर्यटकांसाठी ८०० डॉलरला झाले. रुपयांत मोजायचे तर एक सव्वा लाखाच्या वर जाते आणि दुसरे सत्तर हजारांच्या आसपास राहते. यात विमान, गाडी, जेवणखाण काहीही धरलेले नाही. मात्र फरक केवळ परमिटचा नाही. किगाली विमानतळावर उतरल्यावर गुळगुळीत घाटरस्त्याने अडीच-तीन तासांत मुसांझे गाव येते आणि तिथून जवळच किनिगी येथे उद्यानाचे मुख्यालय आहे; चार दिवसांची सुट्टी मिळालेल्या माणसाचेही तिथे जमून जाते. युगांडात एन्टेबे विमानतळाहून ब्विंडीला मोटारीने नऊ-दहा तास लागतात आणि शेवटचा टप्पा असा असतो की आपल्याकडचे पावसाळ्यातले रस्ते आठवावेत. छोट्या विमानाने किहिही किंवा किसोरो येथे उतरता येते, पण त्यात सामानाला साधारण १५ किलोंची मर्यादा असते.

ज्यांच्याकडे वेळ आहे आणि पैसे जपून वापरायचे आहेत त्यांनी किगालीला उतरावे, सीमा ओलांडून युगांडात जावे आणि ब्विंडीच्या दक्षिण भागातील परमिट घ्यावे, असे माझे मत आहे. हा रस्ता सीमेवरची रांग धरून साधारण अर्ध्या दिवसाचा आहे. असे करायचे असल्यास रवांडा, युगांडा आणि केनिया या तिन्ही देशांत ९० दिवस चालणारा १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटन व्हिसा घ्यावा, आणि तो ज्या देशाकडून घेतला त्याच देशात पहिले पाऊल ठेवावे लागते हे तिकीट काढताना विसरू नये. केवळ युगांडाला जाणाऱ्यांसाठी युगांडा एअरलाइन्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई ते एन्टेबे थेट विमान सुरू केले. त्याचे वेळापत्रक पाहूनच पुढचे ठरवावे.

परमिटवरचे गाव वाचा

ब्विंडीचे जंगल ३२१ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच ‘आत शिरता न येणारे’ असा होतो. त्याच्या चार बाजूंना ट्रेक सुरू होण्याची चार केंद्रे आहेत: उत्तरेला बुहोमा, पूर्वेला रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि न्कुरिंगो. परमिट एका विशिष्ट केंद्राचे असते. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला त्यांच्या एजंटने परमिट रुशागाचे आणि खोली बुहोमाची काढून दिली होती. नकाशावर ही दोन्ही गावे एकाच जंगलाच्या काठावर दिसतात. प्रत्यक्षात जंगलाला वळसा घालून जाणारा रस्ता कित्येक तासांचा आहे. पहाटे तीनला अंधारात निघून, गाडीत उलट्या करत ते कसेबसे सकाळच्या सूचनासत्राला पोहोचले आणि ट्रेक सुरू होण्याआधीच गळून गेले. म्हणून परमिटवर कोणते केंद्र लिहिले आहे ते स्वतः वाचावे आणि त्याच केंद्राच्या जवळ, आदल्या दिवशी उजेड असतानाच पोहोचावे.

केंद्र निवडायला वाव असेल तर बुहोमा हे सर्वांत जुने. ब्विंडीत पर्यटकांसाठी पहिले कुटुंब १९९३ मध्ये येथेच खुले झाले, आणि इथल्या वाटा तुलनेने सुसह्य आहेत. रुहिजा उंचावर आहे, तिथे रात्री चांगलीच थंडी पडते, आणि पक्षी पाहणाऱ्यांचा ओढा तिकडे अधिक असतो. रुशागात सवय झालेली कुटुंबे सर्वाधिक असल्याने परमिट मिळण्याची शक्यताही तिथेच अधिक असते. न्कुरिंगोत ट्रेक डोंगरधारेवरून सुरू होतो, म्हणजे आधी दरीत उतरायचे आणि थकल्यावर चढून परत यायचे. ज्यांचे गुडघे उतरताना दुखतात त्यांनी न्कुरिंगोच्या वाटेला जाऊ नये.

घरून निघण्यापूर्वी

युगांडात प्रवेश करण्यासाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भारतात परत येतानाही ते दाखवावे लागते. ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि पुढे आयुष्यभर चालते. ही लस मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते, तिथे ठरावीक दिवशीच देतात आणि कधी कधी तुटवडाही असतो. तेव्हा हे काम महिनाभर आधीच उरकावे. साठीच्या पुढील व्यक्ती, गर्भवती स्त्रिया आणि अंड्याची ॲलर्जी असणारे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयीही त्याच भेटीत विचारून घ्यावे. वयाची १५ वर्षे पूर्ण नसलेल्यांना परमिट मिळत नाही, मग आई-वडील कितीही गळ घालोत.

शारीरिक तयारीविषयी विनाकारण घाबरवले जाते आणि तितकेच विनाकारण गाफीलही ठेवले जाते. ज्याला कळसूबाई एका दिवसात चढून-उतरून दुसऱ्या दिवशी कामावर जाता येते त्याला हा ट्रेक जमतो. परंतु कळसूबाईला पायवाट असते, पायऱ्या असतात, शिड्या असतात; इथे शेवटच्या टप्प्यात वाट अशी नसतेच. पुढे चालणारा वाटाड्या कोयत्याने वेली तोडत जातो आणि पाय जमिनीवर पडण्याऐवजी कित्येकदा दाबलेल्या झुडपांच्या गादीवर पडतो. श्रावणात कारवीच्या रानातून, वाट सोडून, घसरड्या उतारावर चालण्याचा अनुभव असेल तर अंदाज येईल. गोरिला अर्ध्या तासात सापडतील की सहा तासांनी, हे कोणीही आधी सांगू शकत नाही. दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा जिने किंवा टेकडी चढावी, आणि चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव करावा.

कपड्यांच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. आपल्याकडे ट्रेकला लष्करी ठिपक्यांची पँट घालण्याची टूम आहे. युगांडात तसे कपडे केवळ सैन्याने वापरायचे असतात आणि सामान्य माणसाच्या अंगावर ते दिसल्यास पोलिसांशी गाठ पडू शकते. ती पँट घरीच ठेवावी. जाड, फिक्या मातकट किंवा हिरव्या रंगाची पूर्ण लांबीची पँट, पूर्ण बाह्यांचा सदरा, घोट्याच्या वर येणारे आणि आधी वापरून मऊ झालेले बूट, आणि पँटचे पाय आत खोचता येतील असे लांब मोजे घ्यावेत. मोजे खोचणे हा नियम समजावा, कारण जमिनीवरून रांगोळीच्या रेघेसारख्या सरकणाऱ्या लाल मुंग्यांच्या रांगेत पाय पडला तर त्या बघता बघता मांडीपर्यंत पोहोचतात. बागकामाचे जाड हातमोजे आवर्जून न्यावेत: तोल जाताना हात जे पहिले झुडूप पकडतो ते बहुधा खाजकुइलीसारखे झोंबणारे असते. कोरड्या हंगामातही पावसाची सर येतेच, म्हणून विंडचीटर किंवा पोंचो हवा. दोन लिटर पाणी, डबा आणि आपल्या नेहमीच्या औषधांची पुडी सोबत ठेवावी.

रवांडात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतल्या जातात. चिवडा आणि लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात न्यावेत. शाकाहारी माणसाची फारशी अडचण होत नाही. भात, राजम्यासारखी कडधान्ये, मटोके म्हणजे शिजवलेली कच्ची केळी, आणि चपाती सर्वत्र मिळते. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात. रोख डॉलर नेताना नोटा नव्या कोऱ्या, न फाटलेल्या आणि न लिहिलेल्या असाव्यात, कारण जुन्या मालिकेच्या नोटा तिथे सरळ परत केल्या जातात.

ट्रेकची सकाळ

सकाळी सात-साडेसातच्या सुमारास केंद्रावर सर्वांना बोलावून नियम समजावले जातात आणि गट पाडले जातात. वनरक्षक वय आणि चालण्याची क्षमता पाहून जवळचे किंवा लांबचे कुटुंब देण्याचा प्रयत्न करतात. इथे फुशारकी मारू नये. गुडघा दुखतो, दम लागतो, हे गाडीच्या चालकाला आणि वनरक्षकाला स्पष्टपणे सांगावे.

पोर्टर अवश्य घ्यावा, पाठपिशवी हलकी असली तरीही. साधारण १५ ते २० डॉलरमध्ये गावातला एक तरुण किंवा तरुणी दिवसभर आपली पिशवी वाहते. पण खरा उपयोग पिशवीचा नसतो, तर निसरड्या उतारावर नेमक्या क्षणी पुढे येणाऱ्या त्या हाताचा असतो. शिवाय जंगलाच्या काठावरच्या घरात गोरिलांमुळे थेट पैसा पोहोचण्याचा यासारखा सरळ मार्ग दुसरा नाही. ज्यांना चालणे अशक्यच आहे त्यांच्यासाठी डोलीचीही सोय होते. केदारनाथला असते तशीच, आठ-दहा माणसे आळीपाळीने खांदा देतात, आणि तिचे काहीशे डॉलर वेगळे द्यावे लागतात.

आपण नाश्ता करत असतो तेव्हा माग काढणारे वनरक्षक केव्हाच जंगलात शिरलेले असतात. गोरिला रोज संध्याकाळी नवी जागा निवडून फांद्या आणि पाने वाकवून घरटे करतात आणि सकाळी ते सोडून जातात. काल ज्या ठिकाणी ते शेवटचे दिसले तिथून मागावरच्यांचे काम सुरू होते. आधी रात्रीची घरटी सापडतात, मग मोडलेल्या देठांची आणि विष्ठेची वाट. घरटी मोजून कुटुंबात किती जण आहेत हे कळते, आणि विष्ठा किती ताजी आहे यावरून ते किती पुढे गेले असतील ते. मग वायरलेसवरून आपल्या वाटाड्याला दिशा सांगितली जाते. म्हणूनच परमिट घेतलेल्यांपैकी गोरिला न दिसता परतणारे अगदी विरळा असतात.

तो एक तास

मागावरचे वनरक्षक भेटले की काठ्या, पिशव्या, डबे सारे तिथेच पोर्टरांपाशी ठेवायचे, तोंडावर मास्क चढवायचा आणि फक्त कॅमेरा घेऊन पुढे जायचे. मास्कचा कंटाळा करू नये. आपली आणि गोरिलांची जनुके सुमारे ९८ टक्के सारखी असल्याने आपली साधी सर्दी त्यांना न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. १९९६ मध्ये ब्विंडीतील एका कुटुंबाला खरूज झाली, केस गळाले, एक पिल्लू दगावले. गोरिला शेजारच्या शेतात केळी खायला येत आणि तिथल्या बुजगावण्यांवर माणसांचे जुने कपडे चढवलेले असत. त्या कपड्यांतूनच हा रोग गेला असावा, असे उपचार करणाऱ्या पशुवैद्यक ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांचे अनुमान होते. त्यांनी पुढे २००३ मध्ये माणसांचे आणि गोरिलांचे आरोग्य एकत्र पाहणारी संस्था काढली. ताप, खोकला किंवा जुलाब असतील तर त्या सकाळी ते प्रामाणिकपणे सांगून मागे राहावे. पैसे परत मिळण्याच्या अटी परमिट काढतानाच वाचून ठेवलेल्या असल्या की हा निर्णय थोडा सोपा जातो.

अंतर किमान १० मीटरचे ठेवायचे असते. अडचण अशी की पिल्लांना हा नियम ठाऊक नसतो. एखादे पिल्लू कुतूहलाने जवळ आले तर हात पुढे करू नये, हळूहळू मागे सरावे. अंगावर गडद काळे केस आणि पाठीवर रुपेरी पट्टा असलेला प्रौढ नर, म्हणजे सिल्व्हरबॅक, छाती बडवून चालून आला तर पळायचे नाही. खाली बसायचे, नजर जमिनीकडे, आणि वाटाड्या सांगेल तसे करायचे. बहुतेक वेळा ती केवळ तंबी असते. दीडशे किलोंहून अधिक वजनाचा प्राणी चार पावलांवर येऊन थांबतो तेव्हा ‘केवळ तंबी’ हे शब्द आठवत नाहीत ही गोष्ट वेगळी, पण पाय मात्र जागचे हलू देऊ नयेत. वाटाड्या घशातून खाकरल्यासारखा एक लांब, खोल आवाज काढत राहतो; गोरिलांच्या भाषेत तो ‘सारे ठीक आहे’ असा असतो आणि बऱ्याचदा झुडपांच्या आडून तसेच उत्तरही येते.

पाहायचे काय, हे आधी ठाऊक असेल तर तो तास वाया जात नाही. पहिली पाच मिनिटे कॅमेरा खालीच ठेवावा. आधी वास येतो, घामाचा आणि ओल्या गवताचा मिळून. मग आवाज: ऊस सोलताना येतो तसा, देठांची साल दातांनी ओढून काढल्याचा. गोरिला रानातील सेलरीचे देठ सोलून आतला गर तेवढा खातो. काटेरी पाने खाताना ती घडी घालून, काटे आत दुमडून तोंडात टाकतो. त्याच्या हाताकडे पाहावे, नखांकडे, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्यांकडे. मग नाकाकडे. नाकपुड्यांच्या वरच्या घड्यांची रेघ प्रत्येकाची निराळी असते आणि वनरक्षक त्यावरूनच त्यांना ओळखतात; आपल्या कुटुंबातल्या दोघा-तिघांच्या नाकाचा फरक वाटाड्याला विचारून पाहावा. पुढची चाळीस मिनिटे मग ‘गोरिला’ पाहिला जात नाही, हा आणि तो असा पाहिला जातो.

छायाचित्रांसाठी फ्लॅश पूर्ण बंद असावा. गर्द सावलीतला काळा प्राणी कॅमेऱ्याला फसवतो आणि तो चेहरा राखाडी, धुरकट करून ठेवतो. म्हणून एक्स्पोजर थोडे उणे करावे आणि आयएसओ निर्धास्तपणे वाढवावा. ७०-२०० मिलिमीटरची लेन्स पुरते. मोठ्या लेन्सला झुडपात वळायला जागाच मिळत नाही. चांगला फोनही पुष्कळ आहे.

वेळ संपल्यावर वाटाड्या हळूच खूण करतो. घासाघीस करू नये. उतरल्यावर पोर्टर, मागावरचे वनरक्षक आणि वाटाड्या यांना बक्षिसी वेगवेगळी आणि हातात द्यावी. सर्वांची मिळून एकाकडे दिली की वाटणी कशी होते ते कळत नाही. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी परतीचे विमान ठेवू नये, कारण उशीर जंगलातही होतो आणि रस्त्यावरही, आणि मांड्या तर उतरतानाच्या चालीने हमखास धरतात. रिकाम्या दिवशी बुहोमा किंवा रुशागा परिसरात बट्वा लोकांसोबत फिरण्याचा कार्यक्रम असतो. १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा जंगलात राहणाऱ्या या लोकांना भरपाईविना बाहेर काढण्यात आले, तेव्हा फीमधला किती वाटा त्यांच्या हाती जातो हे आधी विचारून मगच नाव नोंदवावे.

चिखलाचे बूट त्याच संध्याकाळी धुऊन वाळत घालावेत, कारण त्या उंचीवर ते दोन दिवस वाळत नाहीत आणि ओले बूट बॅगेतल्या सगळ्या सामानाला वास लावतात. पीतज्वराचे पिवळे कार्ड मात्र बॅगेत टाकू नये. ते पासपोर्टसोबत हाताशीच असावे. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्याही आधी आरोग्य कक्षाच्या टेबलावर तेच मागतात.